जुन्या शीतयंत्रांसाठी प्रशीतकाची निवड : यंत्र आधी, वायू नंतर



इंद्रायणीच्या काठी, आळंदीला लागून वसलेले चऱ्होली १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. एका बाजूला भोसरी-चिंचवडची जुनी औद्योगिक वसाहत आणि दुसऱ्या बाजूला चाकणचे मोटार कारखाने यांच्या मध्ये हे गाव आज उभे आहे, आणि या साऱ्या पट्ट्याचे उत्पादन थंडाव्यावर किती अवलंबून आहे याची जाणीव बाहेरच्या माणसाला सहसा नसते. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, तेव्हापासूनच इथल्या उद्योगाला थंडीची गरज आहे. कारण पेनिसिलिन आम्लयुक्त द्रावणात, विशेषतः उष्णतेत, झपाट्याने नष्ट होते आणि त्याचे निष्कर्षण थंड ठेवूनच करावे लागते. पुढे प्लास्टिक मोल्डिंगच्या साच्यांना थंड पाणी देणारे चिलर आले, सीएनसी यंत्रांच्या विद्युत पेट्यांवर बसणारे पॅनेल एसी आले, दाबाखालच्या हवेतील ओल काढणारे एअर ड्रायर आले, मोजमाप-कक्षांचे वातानुकूलन आले, तळेगावच्या फुलांसाठी शीतखोल्या आल्या. यांपैकी गेल्या शतकाच्या अखेरीस आणि या शतकाच्या पहिल्या दशकात बसलेली असंख्य यंत्रे आजही चालू आहेत, आणि त्यांच्यातील फार मोठ्या संख्येच्या यंत्रांत आर-२२ हा वायू फिरतो आहे. त्या यंत्रांचे पुढे काय करावे, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

प्रशीतक म्हणजे शीतयंत्राच्या बंद नळ्यांमधून फिरणारा पदार्थ. बाष्पीभवकात, म्हणजे व्यवहारातील कूलिंग कॉइलमध्ये, तो कमी दाबाखाली उकळतो आणि उकळताना भोवतालची उष्णता शोषून घेतो. कॉम्प्रेसर त्याच्या वाफेचा दाब वाढवतो. कंडेन्सरमध्ये ती उष्णता बाहेर टाकून तो पुन्हा द्रव होतो. व्यवसायात त्याला नुसते ‘गॅस’ म्हणतात, आणि तेच नाव सोयीचे आहे. आर-२२ हा क्लोरीन असलेला हायड्रोक्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजे एचसीएफसी, गटातील वायू असून वातावरणाच्या दाबाला तो शून्याखाली सुमारे ४१ अंश सेल्सिअसला उकळतो. तो जळत नाही, स्वस्त खनिज तेलाबरोबर चांगला नांदतो, खोली थंड करण्यापासून मासे गोठवण्यापर्यंत सर्व कामांना पुरतो. म्हणून त्याने पन्नास वर्षे राज्य केले. त्याचा दोष यंत्राबाहेर पडल्यावर दिसतो. वरच्या वातावरणात पोहोचल्यावर त्यातील क्लोरीन सुटा होऊन ओझोनचे रेणू तोडतो. ही प्रक्रिया मोलिना आणि रोलँड यांनी १९७४ साली क्लोरोफ्लुरोकार्बनांच्या संदर्भात मांडली, १९८५ साली अंटार्क्टिकावरील ओझोनचे छिद्र उघडकीस आले आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करारावर सह्या झाल्या. भारत १९९२ साली या करारात सामील झाला.

करारातील वेळापत्रक विकसनशील देशांसाठी पुढीलप्रमाणे चालले आहे: २००९ आणि २०१० या दोन वर्षांच्या सरासरीला पायाभूत मानून एचसीएफसींचा वापर २०१३ साली त्या पातळीवर गोठवला गेला, २०१५ साली दहा टक्के, २०२० साली पस्तीस टक्के आणि २०२५ साली साडेसदुसष्ट टक्के कपात झाली, आणि १ जानेवारी २०३० रोजी तो शून्यावर यायचा आहे, केवळ जुन्या यंत्रांच्या देखभालीसाठी २०४० पर्यंत सरासरी वार्षिक अडीच टक्क्यांची मुभा उरेल. भारतात नव्या यंत्रांच्या उत्पादनात हे वायू वापरण्याची मुदत ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपली. या तारखांचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा, कारण बाजारात त्याचा विपर्यास होत आहे. चालू असलेले आर-२२ चे यंत्र बंद करावे, असा कोणताही आदेश या वेळापत्रकात नाही. यंत्रातला वायू यंत्रातच राहिला तर कोणाचेच काही बिघडत नाही. अडचण होते ती गळती झाल्यावर पुन्हा भरण्याच्या वेळी, कारण नवा वायू दरवर्षी दुर्मीळ आणि महाग होत जाणार. ‘सरकारने गॅस बंद केला, आता यंत्र बदला’ असे सांगून एखाद्या लहान कारखानदाराला घाईत खर्चात पाडणे जितके चूक, तितकेच ‘हा नवा गॅस टाका, काहीच बदलावे लागत नाही’ असे सांगून त्याच्या कॉम्प्रेसरचे आयुष्य धोक्यात घालणेही चूक आहे.

या दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. कारखान्याच्या देखभाल विभागाकडून येणारा प्रश्न नेहमी ‘आर-२२ ऐवजी कोणता गॅस भरायचा?’ असा असतो आणि त्याचे उत्तर सिलिंडरच्या किमतीवरून दिले जाते. वस्तुतः वायूची निवड ही यंत्राच्या तपासणीतील अखेरची पायरी आहे. यंत्राचे वय किती, कॉम्प्रेसर कोणत्या प्रकारचा, त्यात तेल कोणते, रबरी सील कशाचे, नळ्या किती दाब सोसतील, बाष्पीभवक कोरडा आहे की द्रवाने भरलेला, यंत्र ज्या खोलीत आहे ती किती मोठी, आणि मुख्य म्हणजे आधीचा वायू कुठून गेला, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर पर्यायांची यादी आपोआप एक-दोन नावांवर येते, आणि पुष्कळदा आहे तोच वायू ठेवावा असा निर्णय निघतो. वायू आधी ठरवून मग यंत्राला त्यात बसवणे हा उलटा मार्ग आहे, आणि या पट्ट्यातील बदललेल्या यंत्रांच्या बिघाडांचे प्रमुख कारण हाच उलटा मार्ग आहे, असे ठामपणे म्हणावे लागते.

यांतील तेलाचा प्रश्न सर्वात कमी लक्ष दिला जाणारा आणि सर्वात महागात पडणारा आहे. कॉम्प्रेसरमधले तेल थोड्या प्रमाणात वायूबरोबर सतत बाहेर पडते, सगळ्या नळ्यांतून फिरते आणि परत कॉम्प्रेसरमध्ये यावे लागते. आर-२२ खनिज तेलात मिसळतो, त्यामुळे हा परतीचा प्रवास सहज होतो. आर-१३४ए, आर-४०७सी यांसारखे क्लोरीनविरहित हायड्रोफ्लुरोकार्बन, म्हणजे एचएफसी, वायू खनिज तेलात मिसळत नाहीत. तेल बाष्पीभवकाच्या तळाशी साचून राहते, तिथली उष्णता-देवाणघेवाण मंदावते आणि इकडे कॉम्प्रेसर कोरडा पडत जातो. यावर उपाय आहे पॉलिओल एस्टर, बाजारातल्या बोलीत पीओई, हे कृत्रिम तेल. पण जुने तेल एकदा काढून भागत नाही, ते पुन्हापुन्हा बदलून उरलेले खनिज तेल सुमारे पाच टक्क्यांखाली आणावे लागते. शिवाय पीओई तेल हवेतील ओल अधाशीपणे शोषते, आणि ती ओल त्याच तेलाचे विघटन करून आम्ल तयार करते. म्हणून उघड्या डब्यात ठेवलेले तेल वापरणे, निर्वात पंप अर्धा तास चालवून काट्यावरच्या मापाने समाधान मानणे, वायूच्या नळीतला जुनाच ड्रायर ठेवणे या ज्या सवयी आर-२२ ने सोसल्या, त्या नवे वायू सोसत नाहीत. निर्वात पातळी पाचशे मायक्रॉनच्या आसपास नेऊन, पंप बंद केल्यावर ती टिकते का हे पाहणे आता अपरिहार्य आहे, आणि त्यासाठी मायक्रॉन गेज हे उपकरण हवे. डोळ्यांचा अंदाज इथे चालत नाही.

सीलचा प्रश्न तेलाच्या जोडीने येतो. आर-२२ आणि खनिज तेल यांच्या सहवासात वर्षानुवर्षे राहिलेले रबरी ओ-रिंग आणि गॅस्केट किंचित फुगतात व त्या फुगलेल्या अवस्थेतच सांधा बंद ठेवतात. नवा वायू आला की ते आक्रसतात, आणि काल न गळणारा व्हॉल्व्ह आज गळू लागतो. मग दोष नव्या वायूला दिला जातो. रूपांतराच्या वेळीच हे सील बदलण्याचा खर्च मूळ अंदाजपत्रकात धरला पाहिजे. तो न धरलेले दरपत्रक स्वस्त दिसते, एवढेच.

दाबाबाबत मात्र कोणतीही तडजोड संभवत नाही. कंडेन्सरमध्ये ४० अंश सेल्सिअसला आर-२२ चा निरपेक्ष दाब सुमारे १५ बार असतो, तर आर-४१०ए आणि आर-३२ यांचा सुमारे २४ ते २५ बार. पुण्यातील एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छतावर ठेवलेल्या कंडेन्सरभोवतीची हवाच चाळीस अंशांवर जाते, म्हणजे प्रत्यक्ष दाब याहून बराच वर असणार. आर-२२ साठी घडवलेल्या कॉइल, ब्रेझिंगचे सांधे आणि कॉम्प्रेसरचे कवच हा दाब गृहीत धरून बनवलेले नाहीत. म्हणून आर-४१०ए हा नव्या यंत्रांत आर-२२ चा वारस असला, तरी जुन्या यंत्रांत त्याचा पर्याय कधीच नव्हता. आर-३२ बद्दलही तेच. इतकेच नव्हे, तर आर-४१०ए च्या यंत्रात आर-३२ भरण्याचे जे प्रकार अलीकडे केले जातात, तेही थांबले पाहिजेत, कारण दाब जवळपास सारखा असला तरी आर-३२ मुळे कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणारी वाफ अधिक तापते आणि तो वायू सौम्य का होईना, ज्वलनशील वर्गात मोडतो.

उरतात ती मिश्रणे. आर-४०७सी हे आर-३२, आर-१२५ आणि आर-१३४ए यांचे अनुक्रमे २३, २५ आणि ५२ टक्क्यांचे मिश्रण असून वातानुकूलनाच्या तापमानात त्याची क्षमता आणि दाब आर-२२ च्या जवळ जातात. परंतु मिश्रणातील घटक वेगवेगळ्या तापमानांना उकळत असल्यामुळे ते एका ठरावीक अंशावर न उकळता सुमारे पाच ते सात अंशांच्या पट्ट्यात उकळत जाते. तापमानाच्या या सरकण्याला ‘ग्लाइड’ म्हणतात. त्याचे तीन परिणाम व्यवहारात भोगावे लागतात: मिश्रण सिलिंडरमधून द्रवरूपातच भरावे लागते, नाहीतर हलका घटक आधी निघून प्रमाण बिघडते, द्रवाने भरलेल्या बाष्पीभवकाच्या मोठ्या चिलरमध्ये ते चालत नाही, आणि सुपरहीट, म्हणजे उकळून झाल्यावर वाफेचे वाढलेले तापमान, मोजताना गेजवरील कोणत्या आकड्याशी तुलना करायची हे माहीत नसलेल्या तंत्रज्ञाकडून व्हॉल्व्हची मांडणी चुकते. तेल बदलणे टाळायचे असेल तर आर-४२२डी, आर-४३८ए अशी मिश्रणे मिळतात. त्यांत ब्युटेनसारखा हायड्रोकार्बन अल्प प्रमाणात मिसळलेला असतो, आणि तो खनिज तेल पातळ करून त्याला परत आणण्यास मदत करतो. कंडेन्सर आणि बाष्पीभवक एकमेकांजवळ असलेल्या लहान यंत्रांत ही युक्ती चालते. शेडच्या छतावर कंडेन्सर आणि चाळीस मीटर दूर खाली बाष्पीभवक अशी रचना असेल, तर तेवढ्यावर विसंबू नये.

या मिश्रणांबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलण्याची वेळ आली आहे. कार्बन डायऑक्साइडच्या एका किलोच्या तुलनेत एखाद्या वायूचा एक किलो शंभर वर्षांत पृथ्वी किती पट तापवतो, त्या आकड्याला जागतिक तापमानवाढ क्षमता म्हणतात. आर-२२ साठी तो १,८१० आहे. आर-४०७सी साठी १,७७४, आर-४३८ए साठी २,२६५, आर-४२२डी साठी २,७२९. म्हणजे ओझोनस्नेही म्हणून हिरव्या चिठ्ठीसह विकले जाणारे हे पर्याय ओझोनला खरोखर निरुपद्रवी असले, तरी हवामानाच्या दृष्टीने फार तर आर-२२ इतकेच आणि काही तर त्याहून वाईट आहेत.

याचा हिशेब एका कल्पित यंत्रावर मांडून पाहता येतो. दहा टनांचे, म्हणजे सुमारे ३५ किलोवॉट उष्णता काढणारे, जुने पॅकेज यंत्र घ्यावे. त्यात दहा किलो आर-२२ आहे, दर वर्षी त्यातला दोन किलो गळतो, यंत्र १२ किलोवॉट वीज घेते आणि वर्षाला तीन हजार तास चालते, असे धरावे. गळतीचा भार होतो सुमारे ३.६ टन कार्बन डायऑक्साइडइतका. विजेच्या ३६,००० युनिटांचा भार, युनिटमागे सुमारे ०.७ किलो धरल्यास, होतो पंचवीस टनांच्या आसपास. आता गळती तशीच ठेवून आर-४०७सी भरला, तर गळतीचा भार ३.५ टनांवर येतो, म्हणजे जेमतेम सत्तर किलोंची बचत. आणि रूपांतर नीट न जमल्याने विजेचा वापर पाच टक्के वाढला तर सव्वा टनाची भर पडते. आर-४२२डी भरला, तर गळतीचाच भार सुमारे ५.५ टनांवर जातो. उलट वायू तोच ठेवून गळती बंद केली, तर ३.६ टन पूर्ण वाचतात. कंडेन्सरवरचा धुळीचा थर धुऊन विजेचा वापर दहा टक्के उतरवला, तर आणखी अडीच टन. या पट्ट्यातील धूळ आणि प्रेस शॉपमधील कंपने पाहता हे दोन्ही उपाय बहुतेक ठिकाणी करण्यासारखे आहेत, आणि त्यांसाठी सिलिंडर बदलावा लागत नाही.

एचएफसींवरही आता मर्यादा आली आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये रवांडाच्या किगाली शहरात माँट्रियल कराराला दुरुस्ती जोडली गेली आणि भारताने सप्टेंबर २०२१ मध्ये तिला मान्यता दिली. तिच्यानुसार भारतात २०२४ ते २०२६ ही पायाभूत वर्षे, २०२८ मध्ये गोठवणूक, २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कपात आणि २०४७ पर्यंत पंचाऐंशी टक्के घट व्हायची आहे. म्हणजे आज जे यंत्र खर्च करून एचएफसी मिश्रणावर आणले जाईल, त्याच्या मालकाला उरलेल्या आयुष्यात दुसऱ्यांदा तोच प्रश्न पडण्याची शक्यता आहे.

ज्यांनी आर-१२ चा काळ पाहिला त्यांना हे चक्र ओळखीचे वाटेल. घरगुती फ्रिज, वॉटर कूलर आणि जुन्या मोटारींतील तो क्लोरोफ्लुरोकार्बन वायू भारतात १ ऑगस्ट २००८ पासून बनवणे बंद झाले. त्या वेळी जुन्या फ्रिजना आर-१३४ए वर नेताना तेलाचा प्रश्न उभा राहिला, आणि दुसरीकडे प्रोपेन व आयसोब्युटेन यांचे समसमान मिश्रण खनिज तेलावरच चालते, वायूही निम्म्याहून कमी लागतो, असे दिसून आले. हा वायू बंद करण्याच्या राष्ट्रीय योजनेतून हजारो लहान दुरुस्ती व्यावसायिकांना त्या काळात प्रशिक्षण मिळाले. ते प्रशिक्षण फ्रिजपुरते, म्हणजे शंभर ग्रॅमच्या आतल्या वायूपुरते होते, ही गोष्ट मात्र पुढे विसरली गेली, आणि त्याच धड्याच्या जोरावर आज आर-२२ च्या एसीत प्रोपेन भरला जातो.

प्रोपेन, म्हणजे आर-२९०, हा उष्मागतिकीच्या दृष्टीने आर-२२ चा सर्वात जवळचा नातलग आहे, हे नाकारता येत नाही. उकळबिंदू शून्याखाली ४२ अंश, दाब किंचित कमी, खनिज तेलाशी मैत्री, वायू वजनाने निम्म्याच्या आसपास, तापमानवाढ क्षमता अवघी तीन. दोष एकच आहे, आणि तो मोठा आहे. हवेत आकारमानाने २.१ टक्के, म्हणजे एका घनमीटरला ३८ ग्रॅम प्रोपेन मिसळला की ठिणगीने भडका उडू शकतो. दहा घनमीटरच्या कंट्रोल केबिनमध्ये ३८० ग्रॅम पुरतात, आणि प्रोपेन हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत व केबलच्या चरांत त्याहून कमी वायूतही ही मर्यादा गाठली जाते. आर-२२ च्या जुन्या यंत्रात उघडा रिले असतो, काँटॅक्टर असतो, आणि त्यांत ठिणगी उडते. वायू बदलल्याने यांतले काहीही बदलत नाही.

प्रोपेन सुरक्षितपणे कसा वापरावा याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. पुणे-सातारा मार्गावरील शिरवळ येथे गोदरेजने जर्मन सहकार्याने आर-२९० वर चालणाऱ्या घरगुती एसींची उत्पादनरेषा उभारली आणि २०१२ च्या सुमारास ते एसी बाजारात आणले. जगात तोवर असे करणारे उत्पादक मोजकेच होते. त्या यंत्रांत वायूचे प्रमाण खोलीच्या आकारानुसार मर्यादित ठेवले गेले, ठिणगी पडू शकणारे विद्युत भाग बंदिस्त केले गेले आणि बसवणाऱ्या तंत्रज्ञांना वेगळे प्रशिक्षण देण्यात आले. शिरवळचा अनुभव मूळ आराखड्यापासून प्रोपेनसाठी घडवलेल्या यंत्राची शिफारस करतो. आर-२२ साठी घडवलेल्या यंत्रात प्रोपेन भरण्याची परवानगी तो देत नाही. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधील वायू भरण्याचा प्रकार तर याहून घातक आहे, कारण त्यात ब्युटेनचे प्रमाण निश्चित नसते, ओल आणि गंधासाठी घातलेली गंधकाची संयुगे असतात, आणि यंत्राच्या पाटीवर अजून ‘आर-२२’ असेच लिहिलेले असल्यामुळे पुढच्या वेळी ब्रेझिंगची ज्योत घेऊन येणाऱ्या कामगाराला समोर काय आहे याची कल्पनाही नसते. व्यवसायातील कोणाही माणसाचा जीव इतका स्वस्त नाही.

जिथे केंद्रीय संयंत्र मोठे आहे आणि बदलायचेच ठरले आहे, तिथे मात्र नजर वायूच्या यादीपलीकडे गेली पाहिजे. बर्फाचे कारखाने आणि शीतगृहे पिढ्यान्‌पिढ्या अमोनियावर चालत आली आहेत. सातगाव पठाराचा बटाटा साठवणाऱ्या शीतगृहाला आर-२२ चा प्रश्नच पडत नाही. अमोनियाची तापमानवाढ क्षमता शून्य आहे, पण तो विषारी आहे आणि तांब्याला खातो, म्हणून तांब्याच्या नळ्यांच्या यंत्रात तो जुन्या वायूची जागा घेऊ शकत नाही. चिंचवडच्या थरमॅक्सने बनवलेली शोषण-चिलर यंत्रे आणखी वेगळ्या तत्त्वावर चालतात: निर्वात पात्रात पाणी स्वतःच प्रशीतक म्हणून उकळते, लिथियम ब्रोमाइडचे तीव्र द्रावण ती वाफ शोषते आणि उष्णता देऊन ते द्रावण पुन्हा तीव्र केले जाते. ती उष्णता बॉयलरच्या वाफेची असू शकते, तशी भट्टीच्या किंवा जनरेटरच्या धुराड्यातून वाया जाणारीही असू शकते. ज्या भोसरी-चाकण पट्ट्यात फोर्जिंग आणि उष्णतोपचाराच्या भट्ट्या अहोरात्र आकाशात उष्णता सोडतात, तिथे शेजारच्याच शेडमध्ये ग्रिडच्या विजेवर आर-२२ चा चिलर चालावा, ही विसंगती अभियंत्यांनी गंभीरपणे घ्यावी. अर्थात पाण्यावर चालणाऱ्या या शोषण-यंत्रातून सहसा शून्याखालचे तापमान मिळत नाही आणि त्याला कूलिंग टॉवरचे पाणी भरपूर लागते. म्हणून प्रत्येक जागी ते बसेलच असे नाही.

लहान आणि मध्यम यंत्रांबाबत निर्णय वयावर सोपवणे शहाणपणाचे ठरते. ज्या यंत्राची तीन-चार वर्षेच उरली आहेत, त्यावर तेल, सील, ड्रायर आणि मजुरीचा खर्च करून वायू बदलू नये. नायट्रोजनच्या दाबाखाली गळती शोधून ती बंद करावी आणि बंद झालेल्या दुसऱ्या यंत्रातून काढून शुद्ध केलेला आर-२२ त्यात भरावा. सुस्थितीतील, दहा वर्षे चालू शकेल असा कॉम्प्रेसर असलेले आणि द्रवाने भरलेला बाष्पीभवक नसलेले यंत्र असेल, तर आर-४०७सी वर पूर्ण आणि नियमबद्ध रूपांतर समर्थनीय आहे. दोन्ही बाबतींत गळती शोधण्याचे काम आधीचे आहे. साबणाच्या पाण्याने आणि इलेक्ट्रॉनिक शोधकाने प्रत्येक फ्लेअर नट तपासण्याला दोन तास लागतात, टॉपअपला वीस मिनिटे. ग्राहक दोन तासांचे पैसे द्यायला कुरकुरतो हे खरे असले, तरी त्याला वर्षाच्या वायूचा आणि विजेचा हिशेब दाखवणे हेही व्यावसायिकाचेच काम आहे.

पुनर्वापराच्या आर-२२ वरील हा भर एका मोठ्या उणिवेकडे नेतो. यंत्र भंगारात काढताना नळी कापली की दहा-वीस किलो वायू काही मिनिटांत आकाशात जातो, आणि दुसऱ्या दिवशी तोच वायू शेजारचा कारखाना चढ्या भावाने विकत घेतो. वायू काढून घेणारे रिकव्हरी यंत्र, त्यासाठीचे रिकामे आणि तपासलेले सिलिंडर, आणि काढलेल्या वायूतील ओल, आम्ल व भेसळ मोजणारी प्रयोगशाळा या तीन गोष्टी एका लहान दुरुस्ती व्यावसायिकाच्या आवाक्यातल्या नाहीत. त्या भोसरी, मोशी आणि चाकण यांच्यासाठी मिळून एकत्र उभाराव्यात, अशी या व्यासपीठावरून आग्रहाची सूचना आहे. तपासणीचा आग्रह यासाठी की भेसळीचे परिणाम जगाने पाहिले आहेत. २०११ मध्ये आर-१३४ए ऐवजी मिथाइल क्लोराइड मिसळलेला बनावट वायू भरलेल्या शीतकंटेनरांचे व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये स्फोट झाले आणि तीन कामगार दगावले. त्या वायूने ॲल्युमिनियमशी अभिक्रिया करून हवा लागताच पेटणारे संयुग तयार केले होते. आर-२२ जसा दुर्मीळ होईल, तशी स्वस्त आणि अनोळखी सिलिंडरांची संख्या वाढेल.

मार्च २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारताच्या शीतकरण कृती आराखड्यात एक लाख सेवा तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणाचे व प्रमाणीकरणाचे उद्दिष्ट होते, आणि २०३७-३८ पर्यंत प्रशीतकांची मागणी पंचवीस ते तीस टक्क्यांनी कमी करण्याचेही. ही दोन उद्दिष्टे एकमेकांशी जोडलेली आहेत. दुसरे पहिल्याविना साध्य होणार नाही. प्रमाणपत्र मिळवलेल्या तंत्रज्ञाला वेगळा दर मिळत नसेल, तर प्रमाणपत्र कागदच राहते. म्हणून या पट्ट्यातील कारखान्यांच्या खरेदी विभागांनी वार्षिक देखभालीच्या निविदांमध्ये तंत्रज्ञाच्या प्रमाणपत्राची, मायक्रॉन गेजच्या नोंदीची आणि काढलेल्या वायूच्या वजनाची अट घालावी. या तिन्ही अटींना फारसा जादा खर्च नाही, आणि त्या घातल्या गेल्या तर सर्वात कमी दराची निविदा भरणाऱ्यालाही काम नीट करावेच लागेल.

रूपांतरित प्रत्येक यंत्रावर जुन्या पाटीशेजारी नवी पाटी लावणे हे त्या कामाचाच भाग मानावे: वायूचे नाव, ग्रॅममधील वजन, तेलाचा प्रकार, बदललेल्या सीलांची नोंद, रूपांतराची तारीख आणि करणाऱ्याची सही. आज चाकणच्या एखाद्या शेडमधील वीस वर्षांच्या जुन्या चिलरसमोर उभा राहणारा तंत्रज्ञ त्यात काय भरलेले आहे हे दाबावरून ओळखण्याचा प्रयत्न करतो, आणि आर-२२, आर-४०७सी व प्रोपेन यांचे दाब इतके जवळ आहेत की गेजवरून तो ओळखू शकत नाही.